१८ तारखेला ठेवीची मुदत संपतेय, पुढे काय?

६४ वर्षांच्या एका वाचकांचं पत्र आहे. खासगी कंपनीतून निवृत्त झालेले, ईपीएफची पेन्शन महिना ३,१०० रुपये. निवृत्तीचे २४ लाख एका सहकारी बँकेत, एकाच मुदत ठेवीत, साडेसात टक्क्यांनी ठेवलेले. महिन्याला १५,००० रुपये व्याज येतं, त्यावर नवरा-बायकोचं घर चालतं. त्याच बँकेतल्या बचत खात्यात दीड लाख आहेत. ठेवीची मुदत १८ डिसेंबर २०२५ ला संपते आणि बँक आता ६.७५ टक्के देऊ म्हणते. पुतण्या एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, घरोघरी गोळा करतो, तो म्हणतो, "काका, आमच्याकडे १० टक्के." काकांचा प्रश्न असा : पुतण्याचं ऐकू, की दर वाढेपर्यंत पैसे बचत खात्यात ठेवून थांबू?

काका, थांबण्याचा हिशेब आधी बघू. मोठ्या बँकांचा बचत खात्याचा दर या डिसेंबर २०२५ मध्ये अडीच टक्के आहे. तुमच्याकडे तेवढाच धरला तर २४ लाखांवर महिना ५,००० रुपये. ६.७५ टक्क्यांच्या ठेवीवर १३,५००. म्हणजे थांबण्याची किंमत दरमहा साडेआठ हजार. ती कशाच्या आशेवर मोजायची? रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, चारदा कमी केला. फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि आता डिसेंबर. ६.५० वरून तो ५.२५ वर आला. गृहकर्जासारखी बदलत्या व्याजदराची बरीच कर्जं २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली आहेत, त्यामुळे रेपो उतरला की बँकेला मिळणारं व्याज लगेच कमी होतं आणि ती कात्री ठेवीदारांच्या दराला लागते. तुमच्या मुलाचं घरकर्ज असेल तर त्याला विचारा, त्याचा हप्ता किंवा मुदत कमी झाली असेल. एकाच घरात एकाला दिलासा आणि दुसऱ्याला झळ, असं हे वर्ष गेलं. दर पुन्हा कधी वाढतील हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता पुतण्याचे १० टक्के. माझी मावशी अजूनही एका पतसंस्थेचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवते. शेवटच्या पानावर निळ्या शाईत व्याजाची नोंद आहे, बेरीजही बरोबर आहे. फक्त ती रक्कम द्यायला खिडकीच्या पलीकडे कोणी नाही. सगळ्या पतसंस्था अशाच, असं मी म्हणणार नाही, चोख चालवणारेही आहेत. पण एक फरक लक्षात घ्या. बँक, मग ती सहकारी का असेना, बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून ५ लाखांपर्यंत पैसे मिळतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. तिथे देखरेख सहकार खात्याची, रिझर्व्ह बँकेची नाही. पुतण्याची नियत चांगलीच असेल. पण तो पैसे गोळा करतो, कर्जं कोणाला द्यायची हे तो ठरवत नाही.

आणि हे ५ लाख म्हणजे एका माणसाचे एका बँकेतले सगळे मिळून : ठेव, बचत खातं आणि साठलेलं व्याजही. तुमचे साडेपंचवीस लाख एकाच सहकारी बँकेत आहेत. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात दर उतरल्यापेक्षा मला ही गोष्ट जास्त खटकली.

माझं मत असं. यातले १८ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. साठी ओलांडलेल्यांना पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत हे खातं उघडता येतं, कमाल मर्यादा ३० लाख, मुदत ५ वर्षं. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीचा दर ८.२ टक्के आहे आणि ज्या दिवशी खातं उघडाल त्या दिवशीचा दर पाचही वर्षं कायम राहतो. अल्पबचतीचे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं. जानेवारीपासून तो तसाच राहील की उतरेल, मला माहीत नाही. म्हणून घाई एवढीच करा, की ३१ डिसेंबरच्या आत खातं उघडलेलं असू दे. पैसे चेकने भरा, एक लाखाच्या वर रोख चालत नाही.

१८ लाखांवर वर्षाला १,४७,६०० रुपये होतात, महिन्याला १२,३०० पडले. उरलेल्या ६ लाखांच्या दोन-दोन लाखांच्या तीन ठेवी करा. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. एक तुमच्या सध्याच्या बँकेत राहू दे, बाकी दोन राष्ट्रीयीकृत बँकेत. हात राखून साडेसहा टक्के धरले तरी महिन्याला ३,२५० येतात. एकूण १५,५५०. आजच्यापेक्षा साडेपाचशे जास्तच.

मग सगळे २४ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेतच का नाही? कारण त्या खात्यातून थोडेसे पैसे काढता येत नाहीत, काढायचे तर खातंच बंद करावं लागतं. वर्षाच्या आत बंद केलं तर दिलेलं व्याज परत कापून घेतात, दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का मुद्दलातून जातो. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं तर १८ लाखांना हात लावायची वेळ येऊ नये. तीन ठेवींपैकी दर वर्षी एक सुटेल. गरज असेल तर वापरा, नसेल तर त्या वेळच्या दराने पुन्हा तीन वर्षांसाठी ठेवा.

एक अडचण आधीच सांगतो, नाहीतर जानेवारीत मला शिव्या द्याल. या योजनेचं व्याज महिन्याला येत नाही, तिमाहीला येतं : १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ जानेवारी. डिसेंबरच्या शेवटी खातं उघडलंत तर १ जानेवारीला जेमतेम काही दिवसांचं व्याज येईल आणि खरे ३६,९०० रुपये थेट १ एप्रिलला. मधले तीन महिने घरखर्चासाठी बचत खात्यातून साधारण ३७,००० रुपये काढावे लागतील. ते तिथे आहेत, काळजी नको, पण काकूंना आत्ताच सांगून ठेवा. तिमाहीचं व्याज खात्यात आलं की काढून घेत चला, न काढलेल्या व्याजावर पुढे व्याज मिळत नाही.

टीडीएसचं, म्हणजे व्याजातून आधीच कापल्या जाणाऱ्या कराचं म्हणाल तर तुमचं एकूण उत्पन्न साधारण सव्वादोन लाख भरतं, कर लागत नाही. पण व्याज एक लाखाच्या वर गेलं की कापायला सुरुवात होते, म्हणून कर कापू नये असं सांगणारा फॉर्म (२०२५ मध्ये तो १५एच) खातं उघडतानाच भरून द्या.

बँकेतल्या साहेबांनी बॅलन्स्ड फंड, म्हणजे शेअर आणि रोखे दोन्हींत पैसे गुंतवणारा म्युच्युअल फंड, सुचवल्याचंही लिहिलंय. फंड वाईट नाही. पण ज्या पैशातून पुढच्या महिन्याचा किराणा भरायचा, त्याला बाजार पडल्यावर वाट बघत बसायची सोय नसते. आत्ता नको.

१८ तारखेच्या आधी शाखेत एक अर्ज मात्र नक्की द्या : ठेवीचं आपोआप नूतनीकरण करू नये, रक्कम बचत खात्यात जमा करावी. नाहीतर ती ६.७५ ने पुन्हा अडकेल आणि मोडायला गेलात की दंड कापतील. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या.

राहिला पुतण्या. त्याला तोंडावर नाही म्हणणं जड जाईल, हे तुमच्या पत्रातच दिसतंय. त्याच्याकडे रोज २० रुपयांची पिग्मी सुरू करा. वाढलेले साडेपाचशे जवळपास त्यातच जातील, आणि रोज संध्याकाळी तो दारात आला की चहालाही बसेल.