तिसऱ्या सकाळी उतरणारी बॅटरी

प्रश्न : माझ्याकडे २००५ सालची मारुती ८०० आहे. दीड वर्षापूर्वी अल्टरनेटर उघडून कार्बन बदलून घेतले. त्यानंतर दोन बॅटऱ्या झाल्या. रोज फिरवली तर गाडी बिनतक्रार सुरू होते; दोन दिवस पडवीत उभी राहिली की तिसऱ्या सकाळी सेल्फ नुसता कण्हतो. गेल्या गणपतीत नवा स्टिरिओ बसवला, पण दुखणं त्याआधीचं आहे. बॅटरीवाला म्हणतो गाडीत दोष, गॅरेजवाला म्हणतो बॅटरी बोगस. शेवटी स्वतः मीटर आणला. गाडी उभी केल्यावर दोन तासांनी १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.१, तिसऱ्या सकाळी ११.८. आता काय करू?
— निवृत्त शिक्षक, जामसंडे

उत्तर : मास्तर, पत्रात आकडे घातलेत त्याबद्दल आधी आभार. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत 'बॅटरी त्रास देते, उपाय सुचवा' एवढंच असतं. मालवणात माझं दुकान होतं तेव्हाही गिऱ्हाईक बॉनेट उघडण्याआधीच निदान सांगून मोकळं व्हायचं. माझे उस्ताद म्हणायचे, "आदी मीटर लाव, मगे तोंड उघड." हे ते मला सांगायचे, गिऱ्हाइकाला नाही.

आता तुमचे आकडे बघू. दोन तास थांबून मोजलंत ते बरं केलंत, इंजिन बंद केल्या केल्या मोजलं असतं तर आकडा फुगलेला आला असता. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली आहे आणि सहाही सेल जिवंत आहेत. एक सेल मेला असता तर काटा साडेदहाच्या आसपास घुटमळला असता. इंजिन चालू असताना १४.१ म्हणजे चार्जिंग होतंय. हा आकडा १३.८ ते १४.४ च्या मध्ये कुठेही असला तर मी अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, हात लावत नाही. १३ च्या वर जातच नसेल तर चार्जिंग नाही. १५ कडे सरकत असेल तर कटआउट, म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, गेला, आता बॅटरीचं पाणी उकळणार. तुमच्याकडे दोन्ही नाही. तरी तिसऱ्या सकाळी ११.८, म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. चावी बंद असताना कोणीतरी वीज पितंय.

किती पितंय त्याचा अंदाज कागदावरच येतो. या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअर ओढला तर ३५ तास पुरणारी. साठेक तासांत ती तळाला गेली, म्हणजे सतत अर्धा अँपिअर. नंबर प्लेटवरचा पाच वॅटचा दिवा रात्रंदिवस जळत राहिला तर जवळपास एवढाच खर्च होतो. घड्याळ आणि स्टिरिओची आठवण राखायला जुन्या गाडीला २० ते ३० मिलिअँपिअर पुरे, ५० च्या पुढे गेलं की शोधायला लागायचं. तुमच्याकडे त्याच्या दहापट आहे, त्यामुळे चोर लपून राहणार नाही.

आता पकडायचा कसा. चावी काढा, दारं लावा. दहाच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, काटा डीसी अँपिअरवर ठेवा. मीटरचं एक टोक सुटलेल्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला. एवढं जुळल्यावर चावीला हात लावायचा नाही. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जाईल. माझे या चुकीपायी किती फ्यूज गेले ते विचारू नका.

मीटरवर अर्ध्या अँपिअरच्या आसपास दिसेल. मग फ्यूज एकेक काढून परत लावत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येईल, त्या वायरीवर चोर. स्टिरिओच्या फ्यूजला आला तर बसवणाऱ्याने चावीवर यायची लाल वायर कायम चालू असणाऱ्या पिवळीलाच जोडली असेल. असे जोड मी पोत्याने पाहिलेत. पण तुमचं दुखणं स्टिरिओच्या आधीचं आहे.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर माझा संशय अल्टरनेटरमधल्या डायोडवर. अल्टरनेटर उघडला दीड वर्षापूर्वी आणि बॅटऱ्या मरू लागल्या त्यानंतर, हे तुम्हीच दोन वाक्यांत शेजारी शेजारी लिहून ठेवलंय. अल्टरनेटरची जाड वायर चावी बंद असली तरी बॅटरीला जोडलेलीच असते. खाजणाच्या बांधाला झडप असते ना, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला खारं पाणी आत येऊ देत नाही, तेच काम डायोडचं. अल्टरनेटरकडून बॅटरीकडे वीज जाऊ द्यायची, उलट येऊ द्यायची नाही. एखादी झडप गळकी झाली तरी इंजिन चालू असताना चार्जिंगचा आकडा बहुधा चांगलाच दिसतो, म्हणून भलेभले फसतात. बॅटरी सोडवा, ती जाड वायर काढून टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, बॅटरीच्या वाटेत पुन्हा मीटर लावा. आकडा शून्याजवळ आला तर डायोड प्लेट बदलायची. आणखी एक खूण : वायर परत जोडून इंजिन चालू करा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोड गेलाच समजा.

पैज लावायची तर मी डायोडवरच लावीन, पण उस्ताद वर बसून ऐकतायत, तेव्हा आधी मीटर.

बॅटरीवाल्याला मात्र आता शिव्या देऊ नका. गाडीची बॅटरी क्षणभर जोरात वीज द्यायला बनवलेली असते, तळ गाठायला नाही. दर दोन-चार दिवसांनी ती अशी तळाला गेली की पट्ट्यांवर सल्फेट जमून घट्ट होतं आणि मग ती भरतच नाही. पहिली अशीच मेली, दुसरीही निम्मी मेली असेल. गळती काढल्यावर गाडी धक्का मारून चालू करत बसू नका, अल्टरनेटर काही मेलेली बॅटरी भरण्यासाठी नसतो. चार्जरवर साडेतीन अँपिअरला दहा-बारा तास ठेवा. बुचांची बॅटरी असेल तर नंतर हायड्रोमीटर घाला, तो आतल्या अ‍ॅसिडची घनता सांगतो. सगळ्या सेलना १.२६ च्या आसपास आलं तर वाचली. एकच सेल पन्नास पॉइंट, म्हणजे ०.०५, मागे असेल तर बॅटरी गेली. पाणी फक्त डिस्टिल्ड. जांभ्या कातळातल्या विहिरीचं पाणी नको, त्यात लोह असतं. आणि पागोळ्यांचं पाणी 'शुद्धच की हो' म्हणून ओतणारे आपल्याकडे आहेत, पण किनाऱ्यावरच्या पावसात समुद्राचं मीठ मिसळलेलं असतं.

प्रश्न : बॅटरी सहा महिन्यांपूर्वीची, मीटरवर १२.६ दाखवते. तरी सकाळी चावी फिरवली की 'टक्' एवढाच आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मावळतात. चार-पाच वेळा फिरवल्यावर एकदम सुरू होते. सेल्फ मोटर बदलायला सांगतायत.
— एक वाचक भगिनी, हर्णै

उत्तर : ताई, थांबा. हर्णैचं नाव वाचल्यावर मला माझीच एक फजिती आठवली.

वीसेक वर्षांपूर्वी एका मासळीवाल्याचा टेंपो अशाच दुखण्याने दुकानात आला. मागून बर्फाचं खारट पाणी दिवसरात्र ठिबकायचं. मी सेल्फ उघडला, सोलेनॉइड बदलला, बुश बदलले, पैसे घेतले. चौथ्या दिवशी माणूस परत, तोही भर बाजारातून टेंपो ढकलत. शेवटी इंजिनपासून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी हातात घेतली. वरून धडधाकट. आवरण चिरलं तर आत तांब्याच्या तारा हिरव्यागार, बोटाने चोळल्या की भुगा. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तशी वायर आतून कळकली होती. नवी पट्टी घातली आणि सेल्फ असा फिरला की मलाच लाज वाटली. पैसे परत केले हे सांगायला हरकत नाही.

उभ्या गाडीत १२.६ दिसणं म्हणजे कुजक्या वायरीची परीक्षा नव्हे. मीटरला वीज लागतेच किती! वायरीतून शंभर अँपिअर जायला लागले की तिचं खरं रूप कळतं. म्हणून कुणालातरी चावी फिरवायला बसवा आणि तेवढ्यात मोजा : मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. खुंटावरच टेकवा, टर्मिनलच्या कड्यावर टेकवलंत तर खुंट आणि कडं यांच्यामधली घाण मोजली जाणार नाही. पाव व्होल्टपर्यंत ठीक. एक-दीड व्होल्ट आलं तर अर्थिंग वीज खातंय. पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा जाड बोल्ट, तिथेही असंच मोजा, तिकडे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेतो मी. दोन्हीकडे आकडा बरा आला आणि खुद्द बॅटरीच चावी फिरवताना साडेनऊच्या खाली बसली, तर तिला दुकानात लोडवर तपासा. तीही पास झाली तरच सेल्फ.

मीटर नसेल तर शेजाऱ्याकडची जंप केबल आणा. एकच वायर घ्या, एक टोक निगेटिव्ह खुंटाला, दुसरं इंजिनला. गाडी एका चावीत लागली तर अर्थिंगच दोषी. दोन-तीनशे रुपयांत मिटेल.

टर्मिनलवर जमणारी पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. पाणी सेलच्या बुचांत जाऊ देऊ नका. काचकागदाने खुंट आणि कडं चकचकीत करा, कडं घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन चोपडून मग आवळणारे भेटले की मी गप्प बसतो. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर तो तिथेच वेल्डिंग होतो.

प्रश्न : मी डोंबिवलीला असतो. गाडी गुहागरजवळ गावच्या घरी आहे. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढीच चालते. काका दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवतात, तरी दर खेपेला बॅटरी मेलेली.
— एक चाकरमानी

उत्तर : काकांचे आभार माना आणि हे बंद करायला सांगा. हिशेब असा : सेल्फ चार सेकंद फिरवायला फारसं काही जात नाही, अँपिअर-अवरचा पाचवा हिस्साही नाही. पण आठवडाभर घड्याळ, स्टिरिओ आणि बॅटरीची आपली आपण उतरण्याची खोड, जी उकाड्यात वाढते, हे सगळं मंद इंजिनाच्या पाच मिनिटांत भरून येत नाही. शिवाय सायलेन्सरमध्ये पाणी धरतं ते वेगळंच. काकांना गाडी येत असेल तर आठवड्याला अर्धा तास शृंगारतळीपर्यंत फिरवू दे. नसेल येत, तर बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्याला एकदा चार्जरला लावा. देवघरात नको, चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो आणि तिथे समई असते. मोकळ्या पडवीत ठेवा. जमिनीवर ठेवली की उतरते म्हणून पाटावर ठेवायला सांगतील. ते जुन्या लाकडी-रबरी डब्यांचं होतं, आताच्या प्लॅस्टिकला जमीन काही करत नाही. पाटावर ठेवलीत तरी बिघडत नाही म्हणा. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत वायरी कुरतडायला उंदीर येतात, तेव्हा गणपतीत आल्यावर आधी बॉनेट उघडून टॉर्च मारा, मग टर्मिनल जोडा.

प्रश्न : मेकॅनिक इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढतो. गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला म्हणतो. बरोबर?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही. अल्टरनेटरच्या आधी गाड्यांना डायनमो असायचा, त्या जमान्यातली सवय ती. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड, कटआउट, इंजेक्शनची गाडी असेल तर कॉम्प्युटरसुद्धा जाऊ शकतो. त्याला म्हणावं मीटर लाव. नसेल तर जामसंड्याच्या मास्तरांकडे आहे.