चिठ्ठीतला वाढीव ‘१’ शाईवरून ओळखता येईल का?

प्रश्न : २०२३ च्या पेरणीसाठी मी गावातील एका सावकाराकडून ४०,००० रुपये घेतले आणि निळ्या बॉलपेनने लिहिलेल्या हातचिठ्ठीवर सही केली. अक्षरी रक्कम लिहिलेली नव्हती. आता त्याने कोर्टात दाखल केलेल्या त्याच चिठ्ठीत आकडा १,४०,००० आहे. पुढचा ‘१’ मागाहून घातला, हे शाई तपासून सिद्ध होईल का?
— एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : होऊ शकते, मात्र ‘१’ वेगळ्या शाईचा असेल तरच. डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या निळ्या शायांतील रंगद्रव्ये पुष्कळदा निराळी असतात. म्हणून तज्ज्ञ कागदाला धक्का न लावता तो आधी अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशात खास कॅमेऱ्याने पाहतात. काही निळ्या शाया त्यात दिसेनाशा होतात, काही गडद राहतात, आणि ‘४०,०००’ नाहीसे होऊन ‘१’ तेवढा कागदावर उरला, तर दोन शाया वापरल्याचे छायाचित्रातच दिसते. तेवढ्याने उलगडा झाला नाही, तर रेघेतून टाचणीच्या टोकाएवढे ठिपके काढून शाई द्रावकात, म्हणजे ती विरघळवणाऱ्या द्रवात, उतरवतात आणि सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीवर चढू देतात. जांभळी, निळी द्रव्ये आपापल्या उंचीवर थांबतात आणि दोन्ही नमुन्यांचे पट्टे शेजारी ठेवून ताडता येतात. एकट्या ‘१’ मध्ये शाई अगदी थोडी असते आणि काढलेला ठिपका परत बसवता येत नाही, म्हणून ही तपासणी न्यायालयाच्या परवानगीनेच व्हावी.

पट्टे जुळले, तरी धीर सोडू नका. त्यावरून ‘एकाच पेनने, एकाच वेळी लिहिले’ असे ठरत नाही, कारण त्याच बनावटीच्या दुसऱ्या पेनाची शाई तशीच असू शकते. अशा वेळी अंकांमधील अंतर आणि पेनाचा दाब यांकडे पाहावे लागते.

‘१’ केव्हा लिहिला, हा प्रश्न अधिक अवघड आहे. बॉलपेनच्या अनेक शायांतील फिनॉक्सीइथेनॉल हे द्रावक पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने उडते, पुढे फार संथपणे. साधारण दोन वर्षांनंतर त्यावरून वय सांगणे कठीण होते. म्हणून वेळ दवडू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम १०-अ खाली मूळ चिठ्ठी शास्त्रीय तपासणीसाठी पाठवण्याचा अर्ज वकिलांमार्फत लगेच करा. झेरॉक्सवर पेनाची शाई नसते, त्यामुळे तपासणी मुळावरच होते. तरीही सही केली त्या दिवशीची झेरॉक्स किंवा मोबाइलमधील फोटो आपल्याकडे असेल, तर तो वकिलांना अवश्य दाखवा. त्यात ४०,००० च दिसत असतील, तर तो मोलाचा पुरावा आहे.