कोयना खोऱ्यातील डोंगरशेती मुळातच मागास होती का, आणि आता त्या जमिनीत काय पिकवावे?

साताऱ्यातील जावळी भागात आजोबांच्या नावावर असलेल्या डोंगरउतारावरील जमिनीत आता काय पिकवावे, असे आपण विचारले आहे. त्याच प्रश्नात आपण असेही लिहिले आहे की, पूर्वीच्या लोकांनी जंगल जाळून जाळून ती जमीन नासवली असे आपल्याला घरातल्यांनी सांगितले. पिकाविषयी मी पुढे लिहीनच, परंतु उत्तर लिहायला बसले ते या दुसऱ्या वाक्यामुळे. मी मूळची बामणोलीच्या पलीकडच्या एका गावची आहे. हे वाक्य मी आमच्याच घरात लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि ते चूक आहे.

आमच्याकडे डोंगरउतारावर तुकडे पालटत जी फिरती शेती करत, तिला कुमरी म्हणतात. कुमरी म्हणजे दिसेल ते रान पेटवून देणे नव्हे. उताराचा एक तुकडा निवडायचा, झाडे बुंध्यापासून न तोडता फांद्या उतरवायच्या, हिरडा, आंबा, जांभूळ यांना हात लावायचा नाही, टाहाळ (उतरवलेल्या पालेदार फांद्या) उन्हाळाभर वाळू द्यायचा आणि पावसाच्या तोंडावर जाळायचा. पहिल्या वर्षी राखेचा जोर असतो म्हणून नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, आणि जमीन हलकी होत आली की तिसऱ्या वर्षी कारळे, कारण कारळे निकस जमिनीतही तग धरते. त्यानंतर तो तुकडा आठ-दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ सोडून द्यायचा. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. अशा ठिकाणी उभ्या उतारावर दरवर्षी नांगर घातला तर माती दोन-तीन पावसाळ्यांत ओढ्यात जाईल. खोडे आणि मुळे जागेवर ठेवून, कुदळीने जेवढी हलवावी लागेल तेवढीच माती हलवणारी ही पद्धत त्या पावसाकडे पाहूनच घडलेली होती.

शिवाय कुमरी हा आमच्या शेतीचा एकच भाग होता. बाकीची शेती तिच्या खाली, नदीकडे होती. खोऱ्याच्या तळाशी ताली (दगडी बांध) घालून भाताची खाचरे केलेली असत, त्यांच्या वरच्या अंगाला नाचणीची वरकस, म्हणजे हलकी, उताराची जमीन, आणि त्याहून वर कुमरीचे उतार. खाचराच्या राबासाठी, म्हणजे रोपे टाकण्याआधी जमीन भाजण्यासाठी, शेण, पालापाचोळा आणि टाहाळ वरच्या रानातून येत असे. या तिन्हींपैकी एक काढून घेतले तर उरलेली दोन उभी राहू शकत नाहीत, आणि नेमके तेच घडले, तेही दोन वेळा.

पहिल्यांदा ते इंग्रजांच्या काळात घडले. १८७८ च्या वन कायद्यानंतर डोंगरच्या डोंगर राखीव झाले आणि टाहाळ तोडणे हा गुन्हा ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत राबाच्या प्रश्नावरून इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये हेच दुःख मांडले आहे. थोडी जमीन असलेला शेतकरी पूर्वी आसपासच्या रानातील फळे खाऊन, पाने-फुले व लाकूडफाटा विकून आणि गायरानात दोन जनावरे चारून निभावून नेत असे, आणि जंगल खात्याने त्याचा तो आधार काढून घेतला, असे ते सांगतात. तिथे फुले दोष देतात तो जंगल खात्याला.

दुसऱ्यांदा ते कोयना धरणाने घडले. काम १९५४ मध्ये सुरू झाले आणि १९६० नंतरच्या दशकात धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी वर चढत गेले. त्यात सर्वांत आधी बुडाली ती तळाची भातखाचरे. अनेक गावे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी लांब लांब पाठवली गेली, तर काही कुटुंबे वरच्या उतारावर सरकून तिथेच राहिली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६ चा आहे, म्हणजे आमची माणसे उठली तेव्हा मागायचे कशाच्या आधारावर हेच ठरलेले नव्हते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि उरलीसुरली घरेही पडली. खाचर गेल्यावर जी कुटुंबे उतारावर राहिली त्यांना पोट भरण्यासाठी तोच उतार लवकर लवकर फोडावा लागला. जिथे आठ-दहा वर्षांची विश्रांती होती तिथे ती चार-पाच वर्षांवर आली. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि या उतारांकडे पाहून सांगितले जाऊ लागले की हे सगळे या लोकांनी जाळले.

आता आमच्या घरातील प्रसंग सांगते, कारण आपल्याला जे सांगितले गेले तेच मला माझ्या चुलत्यांनी, आबांनी, सांगितले होते. आबा शेतकी शिकले आणि एका सरकारी खात्यात मोठ्या पदापर्यंत पोहोचले. माझ्या शिक्षणाचा खर्चही काही काळ त्यांनीच केला. वडील गेल्यानंतर वारस म्हणून माझे नाव सातबाऱ्यावर लागले, आणि त्याच सुमारास तापोळा-बामणोली भागात पर्यटन वाढून जमिनीला भाव येऊ लागला. आबांनी आमचा वरचा सगळा डोंगर एका हॉटेलवाल्याला द्यायचे ठरवले होते आणि त्यासाठी माझी सही हवी होती. गावच्या यात्रेला सगळे जमले असताना त्यांनी सातबारा पुढे ठेवला आणि म्हणाले, "हे बघ पोरी, वर्षानुवर्षे 'पड' म्हणून नोंद आहे. बापजाद्यांनी जाळून हिचा कोळसा केला. यांना शेती कधी आलीच नाही."

त्या वेळी आजी, म्हणजे आबांची आई, ओसरीवर बसलेली होती. ती भांडली नाही. तिने बसल्या जागेवरून समोरच्या डोंगराचे तुकडे एकेक करून सांगायला सुरुवात केली: कोणत्या तुकड्यात कोणत्या पोराच्या जन्माच्या वर्षी नाचणी होती, कोणत्या तुकड्याला त्या वेळी विसावा होता, कोणता तुकडा भावकीतल्या कोणाबरोबर पैरा करून, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबून, केला होता. सातबाऱ्यावर जी वर्षे 'पड' दिसत होती त्यांतली कितीतरी तिच्या हिशेबात विसाव्याची निघाली. पीकपाणी लिहिणाऱ्याच्या रकान्यात उभे पीक किंवा पड एवढ्याच दोन गोष्टी बसतात. रान पुन्हा वाढू देणे हाही शेतीचाच भाग आहे हे लिहायला त्या कागदावर जागाच नाही. तो कागद खोटा नव्हता, पण आबांनी तो कोणी आणि कशासाठी तयार केला याचा विचार न करता आपल्याच घराण्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला.

आबांनी ते मानले नाही. वैशाखाचे दिवस होते आणि धरणाचे पाणी खाली गेले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी आजीने आम्हा सर्वांना खाली नेले. पाणी ओसरलेल्या गाळात जुन्या खाचरांच्या दगडी ताली अजून उभ्या होत्या. चाळीस वर्षे दर पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन आणि दर उन्हाळ्यात उघड्या पडूनही कित्येक ठिकाणी त्यांचा एक दगड हललेला नव्हता. त्या ताली माझ्या आजोबांच्या वडिलांनी आणि त्यांच्या भावांनी इर्जिक घालून, म्हणजे गावाला मदतीला बोलावून, रचल्या होत्या. उताराचे पाणी कोठे अडवायचे, जादा पाणी कोठून सोडायचे, ताल किती रुंद ठेवायची हे ज्यांना कळत होते त्यांना शेती येत नव्हती, असे मी तरी कधीच मान्य करणार नाही. मी सही केली नाही. आबा त्यानंतर बराच काळ माझ्याशी बोलले नाहीत आणि आजही त्यांचे मत तेच आहे. त्यांच्यासारखे शिकलेले आमच्या भागातले पुष्कळ लोक तेच मत पुढच्या पिढीला देत आहेत, आणि आपल्यापर्यंतही ते असेच पोहोचले असावे.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. स्ट्रॉबेरीच्या मागे लागू नका. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हे खरे, परंतु ते पीक पाऊस संपल्यावर लावले जाते आणि पुढे हिवाळाभर त्याला पाणी लागते. भिलारसारख्या पठारी, पाण्याची सोय असलेल्या गावांचे ते पीक आहे. आपल्या उतारावर पावसाच्या पाण्यावर नाचणी आणि वरी घ्या. गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे जुने बी मिळाले तर उत्तम, नाहीतर नाचणीचे दापोली-१ सारखे सुधारित वाण घ्या. मृगात रोपे टाकून जुलैत आवणी (रोपांची लावणी) करा, आणि फार उभा भाग नांगराखाली आणूच नका. तिथे हिरडा व बांबू वाढू द्या. यंत्र लावून डोंगर सपाट करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, कारण पहिल्या मोठ्या पावसात ती भर खाली येईल.

काही गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. विसावा कमी झाल्यानंतरच्या काळात कित्येक उतारांवरची माती खरोखरच गेली आहे, आणि निष्काळजीपणे लावलेला जाळ शेजारच्या रानात शिरल्याचेही घडले आहे; म्हणून आज कोणी पुन्हा कुमरी सुरू करावी असे मी म्हणत नाही, आणि अभयारण्याच्या हद्दीत ते करताही येणार नाही. जुने दिवस सुखाचे होते असेही नाही. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होत असे, आवणीत बायकांच्या कमरा मोडत, आणि धनगरवाड्यांकडे स्वतःच्या नावावर जमीन जवळजवळ नसेच. पुरुष मुंबईच्या गिरण्यांत जाऊ लागले ते धरणाच्याही आधीपासून, आणि पुढे माथाडी कामगारांमध्ये साताऱ्याच्या लोकांचा भरणा झाला, तोही काही एकट्या धरणामुळे नव्हे.

डुकरे आणि गवे पीक ठेवत नाहीत, ही आजची सर्वांत मोठी अडचण आहे. नुकसान झाले की लगेच वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्या. आणि पेरणीच्या आधी तलाठ्याकडून फेरफार काढून सामाईक नावे कोणाकोणाची आहेत ते पाहा. त्यात आत्यांची व बहिणींची नावे सुटलेली असतील तर ती आधी लावून घ्या, म्हणजे कोणी सगळ्या जमिनीचा परस्पर व्यवहार करायला आले तर तो त्यांच्या सहीशिवाय पुढे जाणार नाही.