आधी सॉफ्टवेअर शिकू की शिकणाऱ्यांकडे बघू?

प्रश्न: मॅडम, शिक्षणशास्त्रात एम.ए. करून मी काही वर्षं शाळेत शिकवलं. आता इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणून कंपन्यांसाठी प्रशिक्षण तयार करण्याच्या क्षेत्रात यायचं आहे. पण जाहिराती वाचल्या की धडकी भरते. स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट, स्कॉर्म, एलएमएस, शिवाय हेडसेट घालून आभासी जगात नेणारं व्हीआर आणि एआय. मैत्रीण म्हणते, व्हीआरचा मोठा कोर्स करून टाक. शिक्षक म्हणून जे शिकले ते इथे निरुपयोगी आहे का?

उत्तर: निरुपयोगी अजिबात नाही, आणि व्हीआरच्या कोर्सचे पैसे इतक्यात भरू नकोस. एक ऑथरिंग टूल, म्हणजे स्टोरीलाइन किंवा कॅप्टिव्हेटसारखं कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर, मात्र नीट यायलाच हवं, नाहीतर अर्ज पहिल्याच चाळणीत अडकतो. स्टोरीलाइनची चाचणी आवृत्ती उतरवून घे आणि मन लावून बस, कामापुरतं जमेल. स्कॉर्मचा तर उगाच बाऊ केला जातो. कोर्सने एलएमएसला, म्हणजे कोर्स चालवून शिकणाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीला, काय आणि कसं कळवायचं, याचा तो ठरलेला साचा आहे. कोर्स पूर्ण झाला का, गुण किती, वेळ किती लागला, असला मामला.

आता खऱ्या कामाकडे येऊ. समज, एका गोदामात माल वारंवार चुकीच्या कप्प्यात जातोय आणि व्यवस्थापक म्हणतात, ‘स्कॅनिंगवर अर्ध्या तासाचा कोर्स बनवा.’ खुर्चीत बसून तू तो बनवू शकतेस. ॲनिमेशन, निवेदन, शेवटी दहा प्रश्न, सगळं देखणं. पण एक पाळी तिथे उभी राहिलीस तर काय दिसेल? स्कॅन बरोबर झाला तरी आणि चुकला तरी यंत्र एकाच आवाजात वाजतं, तोही गोंगाटात बुडतो. शेजारच्या दोन कप्प्यांच्या लेबलांत शेवटचा एकच अंक वेगळा, तोही बारीक टायपात. कामगाराच्या हातात मोजे, संगणक सगळ्यांत मिळून एक, हेडफोन नाहीत. अशा ठिकाणी निवेदन ऐकल्याशिवाय ‘पुढे’ बटण उघडत नाही असा कोर्स टाकला, तर लोक तो एका खिडकीत चालू ठेवून निघून जातील. एलएमएसवर सगळ्यांच्या नावापुढे ‘पूर्ण’ अशी नोंद झळकेल आणि माल तसाच चुकत राहील. इथे लेबलं मोठी करायची, चुकलेल्या स्कॅनचा आवाज वेगळा करायचा आणि उरलेल्यासाठी खांबावर एक पानी तक्ता लावायचा. कोर्स लागलाच तर पाच मिनिटांचा.

कामगिरी कशी सुधारते याचे अभ्यासक थॉमस गिल्बर्ट यांनी 1978 मध्ये हेच मांडलं होतं: काम बिघडलं की आधी माहिती, साधनं आणि मोबदला तपासा, माणसाचं ज्ञान नंतर. प्रशिक्षणाची मागणी आली म्हणजे प्रशिक्षणाची गरज आहेच, असं धरून चालायचं नाही. नव्या डिझायनरला हे तोंडावर सांगायला जड जातं, पण पुढे तिची किंमत त्यावरच ठरते.

व्हीआर घ्यावं की साधा तक्ता पुरे, हा माध्यमाबद्दलचा वाद जुना आहे. शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी 1983 मध्ये लिहिलं की माध्यम हा फक्त माल पोचवणारा ट्रक आहे, ट्रक बदलल्याने आतल्या अन्नाचं पोषण बदलत नाही. दुसरे संशोधक रॉबर्ट कोझमा यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, काही माध्यमं अशा गोष्टी करू देतात ज्या एरवी करताच येत नाहीत. मला रोजच्या कामात क्लार्क जास्त उपयोगी पडतात, पण कोझमांची बाजूही टाकाऊ नाही. एडविन लिंक यांनी वैमानिकांसाठी जमिनीवरचं प्रशिक्षण-यंत्र 1929 मध्येच बनवलं होतं; विमानात बसून शिकणं महाग होतं, आणि हवेतली चूक तर जिवावर बेतते. चूक महाग किंवा धोक्याची असेल, प्रसंग क्वचित येणारा असेल आणि हाताने सराव लागणार असेल, तिथे व्हीआरवर जरूर खर्च करावा. रजेचा अर्ज कसा भरायचा हे शिकवायला कोणी हेडसेट मागत असेल, तर शांतपणे कारण विचार.

एआयने प्रश्नपत्रिकेचा कच्चा मसुदा चुटकीसरशी मिळतो, वापर. पण त्या गोदामात लोक नेमके कुठे अडखळतात हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. विषयतज्ज्ञही ते सांगतीलच असं नाही, कारण हात बसलेला माणूस मधल्या पायऱ्या विसरलेला असतो. त्याला काम करताना पाहा आणि ‘आत्ता हे का केलंत?’ असं विचारत राहा. तुझी शिक्षकी इथे कामाला येते. कोणाच्या चेहऱ्यावर काय कळलं नाही हे तुला वाचता येतं.

मोजमापाचंही तसंच. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाचा परिणाम मोजायच्या चार पातळ्या सांगितल्या: लोकांना कसं वाटलं, काय शिकले, कामात काय बदललं, संस्थेला काय मिळालं. एलएमएसचे आकडे बहुतेक वेळा दुसऱ्या पातळीपर्यंत येऊन थांबतात. तिसरीसाठी काही आठवड्यांनी पुन्हा कामाच्या जागी जावं लागतं.

पोर्टफोलिओत दहा चकचकीत नमुने टाकू नकोस. ओळखीतल्या कोणाचं तरी एक छोटं, खरं काम घे. दोघा-तिघांना ते करताना पाहा, चुका टिपून ठेव. मग एक पानी तक्ता आणि स्टोरीलाइनमधला छोटा सराव बनव. निवेदन असेल तर ते पडद्यावर वाचताही येईल अशा ओळी (कॅप्शन) दे, आणि नुसत्या कीबोर्डवरही तो चालतो का ते तपास. सोबत अर्धं पान लिही: काय पाहिलं, कोणती गोष्ट कोर्समध्ये घेतली नाही आणि का. मुलाखत घेणारा जाणता असेल तर आधी ते अर्धं पान वाचेल.

आणि मुलाखतीत तूही एक विचार: ‘ज्यांच्यासाठी कोर्स बनवायचा, त्यांना काम करताना पाहायला मिळेल का?’ उत्तर ‘नाही, आम्ही स्लाइड्स पाठवतो’ असं आलं, तर ती नोकरी टूलवर हात बसवण्यापुरती वर्षभर कर आणि पुढची शोधत राहा.