ठासणीच्या पिस्तुलाची गोळी आणि चिंधी

प्रश्न : आमच्या घरी पणजोबांच्या वेळचे, टोपीवर (घोड्याच्या ठोक्याने ठिणगी देणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर) उडणारे ठासणीचे पिस्तूल आहे. त्याच्यासोबत गोळ्या पाडायचे दोन लोखंडी साचे सापडले. एकावर २४ आणि दुसऱ्यावर २८ असा आकडा ठोकलेला आहे, आणि नळीवरही २४ हाच आकडा आहे. पट्टी धरून मोजले तर नळी तोंडाशी सुमारे १५ मिलिमीटर भरते. पिस्तुलाची नीट नोंद करून ठेवायची आहे. यातला याचा साचा कोणता, आणि गोळीभोवतीचे कापड किती जाडीचे असेल?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : मोजमापाआधी एक काळजी घ्यावी, कारण आपण पट्टी धरलीत ती नळीच्या तोंडापुढे. जुन्या ठासणीच्या हत्यारात कित्येक वर्षांपूर्वीचा बार, म्हणजे ठासलेली दारू आणि गोळी, तसाच राहून गेलेला असू शकतो. नळीचे तोंड कोणाकडेही न रोखता तीत लाकडाची बारीक काडी टेकेपर्यंत सोडावी, तोंडाशी खूण करावी आणि तीच काडी बाहेरून नळीला लावून पाहावी. काडी टोपीच्या जागेपासून दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच अडली असेल, तर आत बार आहे असे समजून पिस्तुलाला हात न लावता परवानाधारक बंदूक-कारागिराला बोलवावे.

आता आकड्यांकडे वळू. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या २४ गोळ्या पाडल्या, तर त्यातल्या एका गोळीचा व्यास होतो तो २४ नंबर, म्हणजे साधारण १४.७ मिलिमीटर. २८ नंबर म्हणजे जवळपास १४ मिलिमीटर. आकडा वाढतो तशी गोळी लहान होते, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. नळीवर २४ आणि साच्यावरही २४ पाहून जोडी जुळली असे वाटते. पण नळीएवढीच गोळी घेतली तर ती घट्ट बसावी म्हणून भोवती गुंडाळायच्या कापडाला जागाच उरत नाही, आणि गोळी ठासायच्या गजाने ठोकत आत घालावी लागते. नळी खरोखर १४.७ असेल तर १४ ची गोळी घेतल्यावर दोन्ही बाजूंना ०.३५ मिलिमीटर फट राहते, आणि ०.४ मिलिमीटरच्या आसपासचे, घट्ट विणीचे सुती कापड दाबले जाऊन तीत चपखल बसते. म्हणून माझे मत २८ च्या साच्याकडे झुकते. २४ चा साचा बहुधा दुसऱ्या, मोठ्या तोंडाच्या हत्याराचा असावा.

मात्र तोंडाशी पट्टीने मोजलेल्या १५ वर मी विसंबणार नाही, कारण गज घासून घासून नळीचे तोंड झिजते. नागदेवी स्ट्रीटवर अवजारांच्या दुकानांत मिळणारे टेलिस्कोपिक गेज (नळीत उघडून आतल्या व्यासाएवढे पक्के करता येणारे मापक) तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर आत उघडून पाहावे आणि ते व्हर्नियरने मोजावे. नळीत पेचदार खाचा असतील तर माप खाचांच्या तळापासून न घेता दोन उंचवट्यांच्या मधले घ्यावे. साच्याचा व्यासही आकड्यावरून न धरता मोजावा. आतून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात देऊन प्लास्टर ऑफ पॅरिसची गोळी पाडावी आणि लोखंडाला गंज चढण्याआधी साचा कोरडा करून पुन्हा तेल लावावे. शिसे वितळवायची गरज नाही. त्याची वाफ आणि धूळ घरात नकोच.

कापड मांजरपाट किंवा गादीपाटासारखे, खळ धुऊन काढलेले असे; पॉलिस्टर आचेने वितळते, म्हणून ते बाद. लष्करी बंदुकांत फट पुष्कळ जास्त ठेवत. इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी १९ मिलिमीटरची, तर गोळी सुमारे १७.५ ची असे, कारण तिथे नेमापेक्षा भराभर ठासण्याला महत्त्व होते. त्यामुळे लष्करी हत्याराचे प्रमाण आपल्या पिस्तुलाला लावू नये.

हे पिस्तूल उडवून पाहण्याचा विचार कृपया करू नये, कारण आतल्या गंजाने नळी किती खाल्ली आहे ते बाहेरून कळत नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट, दुरुस्ती करूनही उडू न शकणाऱ्या जुन्या हत्यारांनाच आहे. आपले उडण्याजोगे असेल आणि परवाना नसेल, तर मुंबईत त्यासाठी पोलीस आयुक्तालयाकडेच आधी अर्ज करावा लागेल.