लीडर निसटला, रोल तुटला, मीटर बंद: यातलं काय वाचतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेंटॅक्स के-१००० हा फिल्मचा कॅमेरा, भर पावसाळ्यातला लोहगड. पहिल्या रोलवर ३६ फोटो होऊनही फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर फिरतच राहिला आणि मागचं झाकण उघडलं तर लीडर, म्हणजे फिल्मचं सुरुवातीचं टोक, ती गुंडाळून घेणाऱ्या स्पूलबाहेर मोकळं पडलेलं. दुसरा, सुट्या फिल्ममधून भरून घेतलेला रोल ३३व्या फोटोला अडला. जोर लावल्यावर कट्‌कन आवाज झाला, रिवाइंडचा (फिल्म परत गुंडाळायचा) नॉब मोकळा फिरायला लागला, घाबरून झाकण उघडलंत आणि लगेच मिटलंत. उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई तर सकाळपासून हललीच नाही.

आधी दुसरा रोल घेऊ, कारण तो अजून कॅमेऱ्यातच आहे आणि त्यातले बरेचसे फोटो वाचतील. झाकण आता उजेडात उघडू नका, एकदाही नाही. भरून घेतलेल्या रोलमध्ये फिल्मचं शेवटचं टोक रोलच्या डबीतल्या (कॅसेटमधल्या) दांड्याला चिकटपट्टीने लावलेलं असतं. भरणाऱ्याने फिल्म थोडी कमी घातली की ३६च्या आधीच ती संपते. त्यानंतर लिव्हरला जोर दिला की पट्टी सुटते, दमट हवेत तर लवकरच. म्हणजे तुमची फिल्म बहुधा फाटलेली नाही, दांड्यावरून सुटून सगळी टेक-अप स्पूलवर जाऊन बसली आहे. नॉब मोकळा फिरतो तो म्हणूनच.

झाकण उघडलंत तेव्हा स्पूलवरच्या बाहेरच्या वेढ्यांवर उजेड पडला. तिथे शेवटी काढलेले फोटो असतात. ते चार-सहा गेले असं धरा. त्याआधीच्या काहींच्या कडा, छिद्रांच्या बाजूने, काळवंडलेल्या दिसतील. आतले वेढे एकमेकांना झाकतात, त्यामुळे सकाळचे फोटो शाबूत असण्याची चांगली शक्यता आहे.

बाहेर काढायची रीत अशी. चेंजिंग बॅग (हात घालून आत अंधारात काम करायची काळी पिशवी) असेल तर उत्तम. नसेल तर रात्री बिनखिडकीची न्हाणी घ्या, दाराच्या फटीला टॉवेल लावा, मोबाइल आणि चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ बाहेर ठेवा. पाच मिनिटं अंधारात थांबा. तेवढ्यानंतर स्वतःचा हात दिसत असेल तर तो अंधार पुरेसा नाही. लाल दिवाही चालत नाही, तो फक्त कृष्णधवल प्रिंटच्या कागदासाठी असतो. हात कोरडे हवेत, ओल्या बोटांचे ठसे फिल्मवर कायमचे उमटतात. कॅमेऱ्याच्या तळाचं रिवाइंडचं बटण दाबा, म्हणजे स्पूल मोकळा होतो. नॉब वर ओढून झाकण उघडा, सुटं टोक शोधा, फिल्म फक्त कडांना धरून सावकाश सोडवा आणि सैल गुंडाळी करून काळ्या डबीत ठेवा. पांढरट अर्धपारदर्शक डबी नको. झाकणाभोवती काळी टेप लावा आणि वर ठळक लिहा: ‘सुटी फिल्म, अंधारातच उघडा’.

लॅबला देताना फिल्म कुठली हेही सांगा. भरून मिळणारे बरेच रोल सिनेमाच्या निगेटिव्हचे असतात आणि त्यांच्या पाठीवर रेमजेट नावाचा काळा थर असतो. तो न काढता रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या नेहमीच्या सी-४१ मशीनमध्ये फिल्म गेली, तर तुमचा रोल बिघडतो आणि रसायनात काळी घाण उतरून दुसऱ्यांचेही रोल खराब होतात. भरून देणाऱ्याला आधी विचारा. खात्री नसेल तर लॅबला तसं स्पष्ट सांगा.

पहिल्या रोलवर फोटो उमटलेलेच नाहीत, याचं मलाही वाईट वाटतं. पण रोल कोराच आहे. उजेड फक्त बाहेर आलेल्या तुकड्याला लागला, तो पुन्हा लावा आणि वापरा. चूक झाली ती फोटोंचा आकडा दाखवणाऱ्या काउंटरवर विसंबल्यामुळे. काउंटर लिव्हरच्या खेपा मोजतो, फिल्म सरकली की नाही हे त्याला कळत नाही. ते सांगतो डावीकडचा रिवाइंड नॉब. लीडर स्पूलच्या खाचेत खोवा, झाकण उघडं असतानाच एकदा लिव्हर ओढून दात्यांत दोन्ही कडांची छिद्रं बसली का ते बघा, मग झाकण लावा. नॉबची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा, ढिलाई निघून ताण जाणवला की थांबा. आता दोन कोरे फोटो काढा. प्रत्येक वेळी लिव्हर ओढताना नॉब उलटा फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर तिथेच झाकण उघडा, नुकसान शून्य. पुढेही दर पाचेक फोटोंनी नजर टाकत राहा.

मीटरचं काम सोपं आहे. या कॅमेऱ्याला मीटरसाठी स्विचच नाही. भिंगावर उजेड पडला की मीटर चालू, म्हणून कॅप न लावता ठेवलेला कॅमेरा एलआर-४४ सेल संपवून टाकतो. एसआर-४४ घातलात तर व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहतं. शटर मात्र पूर्ण यांत्रिक आहे, सेल नसतानाही १/१००० पर्यंत सगळे वेग चालतात. त्यामुळे मीटर बंद म्हणून थांबायचं कारण नव्हतं. ४०० आयएसओच्या फिल्मला कडक उन्हात शटरचा वेग १/५०० आणि भिंगाचं छिद्र एफ/१६ धरा (एफचा आकडा लहान, तर छिद्र मोठं). दाट ढगांत १/५०० आणि एफ/५.६, किंवा १/२५० आणि एफ/८. रंगीत निगेटिव्ह एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड आरामात पचवते, कमी मात्र पचवत नाही. म्हणून शंका असली की भिंगाचं छिद्र एक स्टॉप मोठं करा. सड्यावर धुकं असेल तर मीटर चालू असतानाही हेच करा, कारण पांढऱ्या धुक्याला मीटर राखाडी समजतं आणि फोटो काळपट येतो.

आणखी एक तपासा: झाकणाच्या कडेचा फोम. के-१००० १९७६ ते १९९७ या काळात बनला, म्हणजे सर्वांत नव्या कॅमेऱ्याचाही फोम आता चिकट डांबरासारखा झाला असेल. दमट हवेत तो आणखी सुटतो आणि फोटोंवर लालसर-केशरी पट्टे येतात. काठीला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाचा साफ करा. शटरच्या पडद्यांना अजिबात स्पर्श होऊ देऊ नका. खाचेत काळी लोकर घट्ट बसवली तरी काम भागतं, बिजागरीच्या बाजूला मात्र फोमची पट्टीच हवी.

निगेटिव्ह हातात आल्यावर आधी कडेचे आकडे आणि अक्षरं बघा. ती कारखान्यातच उजेडाने छापलेली असतात. कडेची अक्षरं स्पष्ट आणि चौकटी रिकाम्या असतील तर धुणं बरोबर झालं, दोष कॅमेऱ्यात किंवा फिल्म लावण्यात. अक्षरंही नसतील तर बहुधा धुण्यातच चूक झाली, मग निगेटिव्ह घेऊन लॅबशी बोला.