आडनावाचं विचारलंस, पण मधल्या नावाचं काय?

प्रिय मुली,

तुझा मेसेज दादरला गाडी बदलताना वाचला, उत्तर घरी येऊन लिहितेय. "आडनाव बदलू की नको?" एवढंच विचारलंस. सासरचे काय म्हणतात ते लिहिलं नाहीस, म्हणजे काहीतरी म्हणत असणार.

लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. वॉर्ड ऑफिसात लग्न नोंदवलं की दाखला मिळतो, नाव आपोआप बदलत नाही. कुणी "नियमच आहे" म्हणालं तर हसून चहा दे.

माझं बदललं. 'मी बदललं' म्हणणं तसं खोटंच. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि मी बघत बसले. यमुनाची आनंदीबाई जोशी लग्नातच झाली, आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली ती त्याच नावाने. तेव्हा नवं नाव परकंच राहतं असं नाही. मलाही माझं आता आवडतं. पण निवृत्त झाले तेव्हा पीएफला माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बँकेत नाव-आडनाव सासरचं पण मधे वडील! सात महिने खेटे घातले. दोष माझाच, अर्धं बदलून उरलेलं 'बघू नंतर' म्हणून ठेवलेलं.

म्हणून बदलायचं तर सगळीकडे बदल. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तिथे घाई नको. पहिलं नावही बदलणार असलीस तर राजपत्रात छापून आणणं आलं. अर्ज आता ऑनलाइन होतो. दोन्ही आडनावं लावायची असतील तर खुशाल लाव, फक्त फॉर्ममधले चौकोन मोजून घे.

आता मधलं नाव. आडनावावरून घरात आठवडाभर चर्चा झडते, पण वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं ते कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या बाबांनी कॉलेजच्या फीसाठी सायकल विकली होती. त्यांचं नाव माझ्या सहीतून गेलं, आणि ते मला कळलं चेकवर सही करताना. आडनाव दे हवं तर, पण याचा विचार आधी कर.

"मुलांचं काय?" हे विचारतीलच. सरकारच्या निर्णयाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं, मग आडनाव. तू मुलांच्या नावात असशीलच, तुझं आडनाव काहीही असो. (त्याच निर्णयात विवाहितेच्या नावापुढे मात्र नवऱ्याचंच नाव ठेवलंय. गंमत आहे.)

रविवारी ये. दहावीच्या मार्कशीटपासून सगळे कागद आण. त्यालाही घेऊन ये, झेरॉक्स काढायला कुणीतरी लागेलच.

तुझी,
मावशी